नव्या घरात नेट आलं, पण सिग्नल वाटेतच मुरला

गेल्या खरिपातली गोष्ट. पीक विम्याचा अर्ज भरायची मुदत संपायला दोन दिवस उरले होते. संध्याकाळी शेजारचे काका सातबारा, पेऱ्याचं घोषणापत्र आणि पासबुक पिशवीत घालून दारात हजर झाले. "साहेब, सेवा केंद्रावर ही मरणाची गर्दी. तुमच्याकडं आता नेट हाय, तेवढा फॉर्म भरून द्या की." घर नवं, केबलचं नेटही नवं. म्हटलं, बसा काका, चहा होईपर्यंत काम उरकू.

चहा झाला, जेवणं झाली, रात्रीचे साडेदहा वाजले. नाव, गट नंबर, क्षेत्र सगळं भरलं जायचं. पण सातबाऱ्याचा फोटो चढवायला घेतला की चक्र फिरत राहायचं आणि शेवटी सगळं पान उडायचं. नवल म्हणजे बाहेरच्या खोलीत वडील त्याच नेटवर बातम्या बघत होते, त्यांना काही अडचण नव्हती. शेवटी काका पहाटे पाचला तालुक्याला गेले. दुपारी तीनला नंबर लागला. अर्ज भरला गेला, पण सोयाबीनवरची त्या दिवशीची फवारणी राहिली आणि रात्रीपासून पावसानं धरलं. लोकांना सल्ला देत फिरणाऱ्या माणसाच्या घरी ही गत! दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, यातलं नेमकं काय बिघडलंय ते मुळापासून बघायचं.

आधी दोष कुणाचा ते ठरवा

नेट हळू चाललं की आपण लगेच केबलवाल्याला फोन करतो. पण दोष दोन ठिकाणी असू शकतो. एक, केबलमधून मोडेमपर्यंत येणारा सिग्नल. दोन, मोडेमपासून मोबाइलपर्यंत हवेतून जाणारं वायफाय. यातला फरक कळायला सोपा उपाय आहे. लॅपटॉप तारेनं थेट मोडेमला जोडायचा. तसं जोडल्यावर नेट नीट पळालं तर केबल ठीक आहे, वायफाय कमी पडतंय. अशा वेळी मोडेम लोखंडी कपाटातून किंवा टीव्हीच्या मागून काढून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवावा. स्लॅब आणि पत्रा यांतून वायफाय फार जात नाही.

माझ्याकडं तार जोडूनही तेच रडगाणं. म्हणजे दुखणं केबलमध्येच होतं.

मोडेम स्वतःच सांगतो

बहुतेक केबल मोडेमचं एक माहितीचं पान असतं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता टाकला की ते उघडतं. त्यात तीन आकडे बघायचे. पहिला, येणाऱ्या सिग्नलची ताकद. ती उणे १० ते अधिक १० डीबीएमव्हीच्या दरम्यान असावी. दुसरा, सिग्नल आणि गोंगाट यांचं प्रमाण. ते ३३ डेसिबलच्या वर असलेलं बरं. तिसरा, मोडेम उलट दिशेनं किती जोर लावून बोलतोय तो. हा आकडा साधारण ३५ ते ५० मध्ये असावा.

माझ्याकडं येणारा सिग्नल होता उणे १३ आणि जाणारा ५२. वाटेत जेवढी गळती जास्त, तेवढा मोडेम मोठ्यानं ओरडतो. त्याच्या आवाजालाही मर्यादा आहे. ती आली की बातम्या कशाबशा येत राहतात, पण घरातून बाहेर जाणारा फोटो, कागदपत्र, अर्ज तिथंच अडकतो. काकांचा सातबारा का चढत नव्हता, ते आता उमगलं.

ठिबकचाच हिशेब

ठिबक संचाच्या शेवटच्या ड्रीपरला पाणी येत नसेल तर आपण काय करतो? लगेच मोठी मोटर आणत नाही. आधी फिल्टरपाशी प्रेशर बघतो, मग सबमेन, मग लॅटरल आणि शेवटी एंड कॅप. केबलचंही तसंच आहे. घराच्या तोंडापासून सुरुवात करून एकेक टप्पा पुढं जायचं.

केबलच्या मुलाला मीटर घेऊन बोलावलं. घरात केबल शिरते तिथं सिग्नल भरला अधिक ६. म्हणजे बाहेरून माल चोख येत होता. आत मोडेमपाशी पोचेस्तोवर तो उणे १३ होत होता. मधे १९ डेसिबल गळाले. दर ३ डेसिबलला ताकद निम्मी होते, या हिशेबानं मोडेमला मूळ ताकदीचा ऐंशीवा हिस्साच मिळत होता.

मग एकेक गळती सापडत गेली. जिन्याखाली चार फाट्यांचा स्प्लिटर होता. तो एकटाच ७ डेसिबल खातो. पुढं माडीवर दोन फाट्यांचा दुसरा स्प्लिटर. त्याचे साडेतीन. उरलेली सगळी चूक माझी. जुन्या घरातली बारीक केबल वाया कशाला घालवायची म्हणून मीच वायरमनला भिंतीत घालायला लावली होती. ती जुन्या काळची टीव्हीची तार. पंचवीस मीटरला साडेसहाच्या आसपास डेसिबल तिच्यात जिरत होते. ती मधे एका जागी कमी पडली म्हणून तारा हातानं पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. टेप सोडली तर आतलं तांबं हिरवं पडलेलं. पहिल्याच पावसाची ओल तिथं शिरली होती.

शिवाय चार फाट्यांच्या स्प्लिटरची दोन तोंडं उघडीच. लॅटरलला एंड कॅप न लावता पाणी सोडावं, तसला प्रकार. उघड्या तोंडातून बाहेरचा गोंगाट आत शिरतो आणि सिग्नल उलटा फिरतो. त्यावर ७५ ओहमची टोपी बसवावी लागते.

बूस्टर हा इलाज नव्हे

एका दुकानदारानं सल्ला दिला, "साहेब, बूस्टर टाका, विषय संपला." तो सल्ला ऐकला नाही हे बरं झालं. गळतीच्या पुढं बूस्टर बसवला तर सिग्नलबरोबर गोंगाटही वाढतो. टीव्हीसाठी मिळणारा साधा बूस्टर तर एकाच दिशेनं काम करतो. पाइपात एनआरव्ही बसवावा तसा तो मोडेमचं उलटं बोलणं अडवून धरतो. टीव्ही झकास दिसेल आणि नेट साफ बंद पडेल. लागलाच तर दोन्ही दिशांनी चालणारा बूस्टर, तोही घराच्या तोंडाशी, केबलवाल्याला विचारूनच बसवावा.

आम्ही काय केलं? चार फाट्यांचा स्प्लिटर काढून दोन फाट्यांचा लावला. त्याचा एक फाटा टीव्हीला, दुसरा मधे कुठंही न तोडता थेट मोडेमला. जुनी तार ओढून काढताना तिच्याच टोकाला नवी आरजी-६ केबल बांधली, म्हणून भिंत फोडावी लागली नाही. दोन्ही टोकांना दाबून बसणारे कनेक्टर लावले. मोडेमवर आकडा आला उणे २. उलट्या दिशेचा ५२ वरून ४३ वर उतरला. खर्च केबल, स्प्लिटर आणि कनेक्टर एवढाच. मोडेमही तोच आणि प्लॅनही तोच.

घर बांधणाऱ्यांनी आधीच लक्ष द्यावं

आपल्याकडं घर बांधताना विहिरीच्या आणि बोअरच्या पाइपाचा विचार होतो, नेटच्या तारेचा होत नाही. गिलावा होण्याआधी एवढं करून घ्या. नेट आणि टीव्हीच्या तारेसाठी विजेच्या वायरपासून वेगळा पाइप टाका. पाइपाला काटकोनी वळण देऊ नका, आणि आत एक ओढदोरी सोडून ठेवा. मोडेम कुठं बसणार ते आधी ठरवून तिथपर्यंत एकच अखंड तार न्या. गिलाव्याआधी मीटर लावून तपासा. जुनी, उरलेली तार भिंतीत घालायचा मोह टाळा.

केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तारेवरून आत न येता झोळातून खाली ठिबकेल. केबल विजेच्या तारेला बांधू नका. खांबावरचं काम केबलवाल्याचं आहे, तिथं आपण चढायचं नाही.

ज्यांच्या घरी फायबर आहे, त्यांना वरचे आकडे लागू नाहीत, पण रीत तीच. पेटीवर लाल दिवा लागला तर आधी बारीक तार कुठं मुडपली, चेंबली किंवा उंदरानं कुरतडली आहे का ते बघा. ती तार स्वतः जोडायला जाऊ नका.

ग्रामपंचायत कार्यालयं आणि शाळा यांनीही हे मनावर घ्यावं. एकाच तारेवर संगणक, कॅमेरा, टीव्ही असे फाटे वाढत जातात आणि दाखला निघत नाही म्हणून माणसं ओट्यावर बसून राहतात. अधूनमधून मोडेमचे तीन आकडे वहीत लिहून ठेवले, तर बिघाड होण्याआधीच कळेल. तक्रार करतानाही "नेट चालत नाही" एवढंच न म्हणता "तोंडाशी अमुक, मोडेमपाशी तमुक" असं सांगितलं की समोरच्याला टाळाटाळ करता येत नाही.

अर्ज, पीक पाहणी, अनुदान हे सगळं आता तारेवरून चालतं. पाण्याची पाळी चुकली तर पीक सुकतं, तशी अर्जाची तारीख चुकली तर हक्काचा पैसा जातो. तेव्हा बंधूंनो, मुदत तोंडावर यायची वाट न बघता आजच एकदा आपल्या घरातली तार तोंडापासून शेवटपर्यंत बघून घ्या.

रब्बीत काका पुन्हा पिशवी घेऊन आले. या वेळी खरंच चहा होईपर्यंत अर्ज चढला. पावतीचा कागद घडी करून खिशात घालताना ते म्हणाले, "साहेब, तुमची बी लाइन आता फ्लश झाली म्हणायची!"