हद्दीच्या अलीकडे फी, पलीकडे माफी!

मुलांनो, जरा ब्रिटनचा नकाशा उघडा पाहू. पूर्व किनाऱ्यावर, इंग्लंडच्या अगदी वरच्या टोकाला बेरिक नावाचं छोटंसं गाव दिसेल. ट्वीड नदी इथे समुद्राला मिळते. गावातून चार-पाच किलोमीटर उत्तरेला गेलं की स्कॉटलंड सुरू! ना पहारा, ना तपासणी. जुन्या लढायांत हे गाव कितीदा तरी इकडून तिकडे गेलं. गंमत म्हणजे गाव इंग्लंडचं, पण इथला फुटबॉल संघ मात्र स्कॉटलंडच्या स्पर्धांत खेळतो.

आता समजा, बेरिकमध्ये एक मुलगी राहते आणि हद्दीपलीकडच्या आयमथ या कोळ्यांच्या गावात तिची मैत्रीण. दोघींना गुण सारखेच. दोघींनाही एडिंबरा विद्यापीठात शिकायचंय. बेरिकहून आगगाडीने पाऊण तासाचा रस्ता. आयमथच्या मुलीला फी किती? शून्य! तिच्या वाटची रक्कम स्कॉटलंडचं सरकार परस्पर भरतं. आणि बेरिकच्या मुलीला? २०२५ साली वर्षाला ९,५३५ पौंडांपर्यंत. म्हणजे साधारण अकरा लाख रुपये, आणि अभ्यासक्रम चार वर्षांचा!

एकाच देशात हे असं कसं? तर शिक्षणाचं धोरण स्कॉटलंड स्वतः ठरवतं, आणि तिथल्या व लंडनच्या पुढाऱ्यांची उत्तरं वेगवेगळी आहेत. प्रश्न एकच आहे बरं का: कॉलेजचा खर्च कुणी करायचा?

१९६२ च्या कायद्यानंतर इंग्लंडमध्येही फी सरकारच भरत असे. पण तेव्हा वीस मुलांमागे जेमतेम एखादं विद्यापीठात जाई. पुढे गर्दी वाढली, पैसे पुरेनात. १९९८ साली मजूर पक्षाच्या सरकारने वर्षाला १,००० पौंडांपर्यंत फी लावली. २००४ साली ती ३,००० वर नेण्याचा ठराव आला, तेव्हा पार्लमेंटात ३१६ विरुद्ध ३११ अशी मतं पडली. अवघ्या पाच मतांनी पास! हुजूर पक्षाने तेव्हा कडाडून विरोध केला होता.

आणि मग आलं २०१०. लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या उमेदवारांनी निवडणुकीआधी चक्क लेखी वचन दिलं, की फीवाढीविरुद्ध मत देऊ. विद्यार्थ्यांनी विश्वास ठेवला. पक्षाचे ५७ खासदार निवडून आले, हुजूर पक्षाबरोबर सत्तेत बसले, आणि डिसेंबरमध्ये त्याच सरकारने फीची मर्यादा ९,००० पौंडांवर नेली! लंडनच्या रस्त्यांवर विद्यार्थी उतरले. लिबरल डेमोक्रॅटांचेच २१ खासदार विरोधात गेले, तरी ३२३ विरुद्ध ३०२ मतांनी ठराव पास. २०१२ मध्ये त्यांचे नेते निक क्लेग यांनी माफी मागितली. कुणीतरी त्या माफीला चाल लावून तिचं गाणंच करून टाकलं! २०१५ च्या निवडणुकीत त्यांचे खासदार उरले फक्त आठ.

मजूर पक्षाचंही तेच. विरोधात असताना, २०१७ मध्ये, 'फी रद्द करू' म्हणाले. २०२४ मध्ये सत्ता मिळाली आणि फी वाढवली.

आईबाबांना एक गोष्ट इथे वाचून दाखवा. आपल्याकडे बँकेचं शैक्षणिक कर्ज घेतलं, की शिक्षण संपल्यावर काही काळाने ठरलेला हप्ता सुरू होतो. पगार कमी आहे म्हणून तो कमी होत नाही. इंग्लंडमध्ये तसं नाही. २०२३ च्या ऑगस्टपासून शिकायला लागलेल्यांसाठी नियम असा: वार्षिक पगार २५,००० पौंडांच्या वर गेला, तर वरच्या रकमेच्या फक्त ९ टक्के कापायचे. म्हणजे ३०,००० कमावणाऱ्याचे वर्षाला ४५० पौंड. नोकरी गेली तर काहीच नाही. चाळीस वर्षांत फिटलं नाही तर उरलेलं माफ. फीच्या बाजूचे लोक म्हणतात, "ज्याने कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, त्या बसड्रायव्हरने उद्याच्या वकिलाची फी का भरावी?" विरोधक म्हणतात, "डॉक्टर आणि शिक्षक काय फक्त स्वतःसाठी शिकतात? आणि श्रीमंताचा मुलगा रोख भरून मोकळा होतो, व्याज पडतं ते गरिबाला!"

मला दुसरं म्हणणं जास्त पटतं. पण स्कॉटलंडच्या 'मोफत'लाही एक बिल आहेच, ते सांगायला हवं. खर्च सरकारचा, म्हणून स्कॉटिश मुलांच्या जागा मोजक्या. चांगले गुण असूनही काहींना प्रवेश मिळत नाही. शिवाय राहण्या-जेवण्यासाठी तिथेही कर्ज काढावं लागतंच. तरीही फीमाफीचा अभिमान एवढा, की तिथले तेव्हाचे फर्स्ट मिनिस्टर अ‍ॅलेक्स सॅमंड यांची 'फी कधीच लावणार नाही' ही प्रतिज्ञा चक्क दगडावर कोरली गेली! २०१४ मध्ये एडिंबराच्या हेरियट-वॉट विद्यापीठात तो दगड उभा राहिला. पुढे दगड तिथून हलवला गेला, पण फीमाफी टिकली.

आणि बेरिकचे लोक? २००८ साली एका टीव्ही कार्यक्रमाने तिथे कौल घेतला, तेव्हा मत देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी स्कॉटलंडमध्ये जायचं म्हणून सांगितलं. कौल नुसताच होता, म्हणून गाव अजून इंग्लंडमध्येच आहे. तिथली मुलगी अर्ज भरताना पत्त्यापुढे 'बेरिक' लिहिते, आणि पुढचा अर्ज भरते कर्जाचा.