शेततळ्यातले मासे एका रात्रीत मेले? आधी वेळ बघा, मग कोणावर संशय घ्या



ढगाळ वातावरण लागलं की एकच फोन येतो. "काल संध्याकाळी मासे खाद्यावर तुटून पडत होते, आज सकाळी पांढरं पोट वर. कोणीतरी रात्री औषध टाकलं." आणि मग बांधाशेजारच्या भावबंदाचं नाव निघतं. औषध पडू शकतं, नाही असं नाही. पण रात्रीतून मासे मरायचं नेहमीचं कारण वेगळं असतं, आणि ते तुम्हाला काठावर उभं राहून ओळखता येतं.

पहाटे, उजाडायच्या आधी मेले आणि त्यात मोठे मासे जास्त असले, तर प्राणवायू संपला असं समजा. हिरव्या पाण्यातलं शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करतं, पण रात्री तेच शेवाळ माशांसोबत तो वापरतं. म्हणून सूर्य उगवायच्या आधी तळ्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. दोन-तीन दिवस ऊन पडलं नाही की दिवसाची कमाई बंद, रात्रीचा खर्च चालू. त्यात पाणी गरम असलं तर अजून वाईट. 20 अंशाच्या पाण्यात लिटरमागे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशाला साडेसातच. रोहू-कटल्याला 5 च्या वर पाहिजे, 3 च्या खाली गेला की मासे वर येऊन तोंड उघडून हवा गिळायला लागतात. ते बघून बरेच जण म्हणतात "भूक लागली" आणि खाद्य टाकतात. तसं करू नका, खाद्य कुजतं आणि उरलेला प्राणवायूही खातं.

मुंबईत वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावात पितृपक्षानंतर मासे मेल्याच्या बातम्या वरचेवर येतात. तिथे कोणी विष टाकत नाही. पाण्यात पडलेलं अन्न कुजतं आणि प्राणवायू संपतो. आपल्याकडे तेच काम जास्तीचं खाद्य आणि ताजं शेण करतं. ढगाळ आठवड्यात शेण टाकणं बंदच ठेवा. आणि कपाशी-केळीच्या ठिबकसाठी तळं अर्धं उपसलं असेल तर मासे तेवढेच, पाणी निम्मं, हेही लक्षात असू द्या.

आता औषधाचं. दिवसा कुठल्याही वेळी, लहान-मोठे सगळेच, वेडेवाकडे गिरक्या घेत मेले, सोबत बेडूक, पाणकिडेही मेलेले दिसले, तर फवारणीचा संशय घ्या. पण बहुतेक वेळा ते शेजाऱ्याचं नसतं, आपलंच असतं. तळ्यात पंप बुडवून भरलेला, नाहीतर फवारणी झाल्यावर तळ्याच्या काठावर धुतलेला. हिशोब करून बघा. 30 बाय 30 बाय 3 मीटरच्या तळ्यात साधारण 22 लाख लिटर पाणी. त्यात 10 टक्क्यांच्या सायपरमेथ्रीनची 100 मिलीची बाटली सांडली तर औषध गेलं 10 ग्रॅम, म्हणजे लिटरला साडेचार मायक्रोग्रॅम. एवढ्यानंही मासे मरू शकतात. लॅम्ब्डा सायहॅलोथ्रीन याच गटातलं. बोंडअळीच्या फवारणीच्या दिवसांत पंप भरायला वेगळी टाकी ठेवा.

रोज दोन-चार मरत असतील, अंगावर जखमा असतील, तर तो रोग. त्याचं वेगळं सांगू.

मासे वर आलेले दिसले की पहिलं काम खाद्य बंद. दुसरं, मोटार लावून तळ्याचंच पाणी उचला आणि पाइपाला फवारा करून उंचावरून तळ्यातच पाडा. बोअरचं पाणी सोडणार असाल तर तेही उंचावरूनच, कारण जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. शेतीची वीज पाळीनं येते, त्यामुळे रात्रीची पाळी नसेल तर डिझेल पंप आधीच काठावर आणून ठेवा. पहाटे चारला शोधाशोध होत नाही.

चुना टाकायची घाई करू नका. आपल्या तळ्यांना प्लॅस्टिक आहे, खाली माती नाही, त्यामुळे विष्ठा आणि खाद्याचा अमोनिया पाण्यातच राहतो. सामू 7 असेल तर त्यातला विषारी भाग 1 टक्क्याच्या आसपास असतो. सामू 9 झाला की 30 अंशाच्या पाण्यात तो 40 टक्क्यांच्या वर जातो. चुन्यानं सामू वाढतो. म्हणून आधी पट्टीनं तपासा, मग ठरवा.

घरात पोरांची काचेची टाकी असेल तर तिथं वेगळी भानगड. नळाला पाणी आलं की सगळं पाणी एकदम बदलतात, त्या पाण्यातला क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो. पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून, चौथा हिस्साच बदला.

मेलेले मासे विकू नका, खाऊ नका, विहिरीपासून लांब खड्ड्यात पुरा. त्याआधी दोन-तीन ताजे मासे बर्फात ठेवा आणि काचेच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ पाणी भरून झाकण लावा. बाटलीवर तारीख, वेळ, आणि मागच्या आठ दिवसांत कुठं काय फवारलं ते लिहा. कृषी विज्ञान केंद्रात किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात त्याच दिवशी पोचवा. उशीर झाला तर मासा सडतो, आणि मग कोणालाच काही सांगता येत नाही. फोटो या नंबरवर पाठवा, पाण्याचा रंग दिसेल असा.