रेसिंगचे ब्रेक पॅड, रोजची गाडी

कोल्हापूरला मोटार शर्यतींचे वेड नवे नाही. इथल्या मोहिते रेसिंग ट्रॅकवर नवोदितांच्या शर्यती झाल्या आहेत. हौसेखातर ट्रॅकवर उतरणारे अनेक जण मात्र रोजच्या वापराचीच गाडी नेतात. ब्रेक पॅड घेताना ‘रेसिंगचे म्हणजे चांगले’ एवढेच पाहिले जाते आणि तिथेच घोटाळा होतो.

ब्रेकचे काम म्हणजे वेगाचे रूपांतर उष्णतेत करणे. १,००० किलोची गाडी ताशी १२० किलोमीटरवरून थांबवली, तर सुमारे ५५५ किलोजूल उष्णता तयार होते. तेवढ्या उष्णतेत दीड लिटर गार पाणी उकळू लागेल. वेग निम्मा असेल, तर उष्णता एक चतुर्थांशच.

शहरात दोन ब्रेकच्या मधल्या वेळेत बिडाची डिस्क निवते. ट्रॅकवर मात्र ती दर वळणाला तापत जाते. साधे पॅड मर्यादेबाहेर तापले की त्यातील रेझिनचे विघटन होऊन वायू सुटतो आणि घर्षण घटते. पेडल घट्ट लागते, पण गाडी थांबत नाही. यालाच ‘ब्रेक फेड’ म्हणतात.

शर्यतीचे पॅड ही उष्णता सोसतात. पण त्यातले अनेक गार असताना नीट पकडत नाहीत. सकाळी घराबाहेर पडताच गाडीसमोर म्हैस आली, तर हेच महागडे पॅड साध्या पॅडपेक्षा उशिरा गाडी थांबवू शकतात. ते डिस्कही लवकर झिजवतात आणि आवाज करतात.

म्हणून घरून ट्रॅकवर आणि ट्रॅकवरून घरी एकाच गाडीने जाणाऱ्याने गार असतानाही पकडणारे, रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठीचे मधल्या दर्जाचे पॅड घ्यावेत; किंवा ट्रॅकवर पोहोचल्यावर पॅड बदलावेत आणि परतताना पुन्हा साधे बसवावेत. नवे पॅड कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने डिस्कवर बसवून घ्यावेत.

पेडल मऊ होऊन खोल जात असेल, तर दोष बहुधा ब्रेक ऑइलचा. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. हवेतील ओलावा शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. त्यामुळे ट्रॅकवर जाण्यापूर्वी ऑइल बदलणे उत्तम.

आणखी एक गोष्ट. पॅडची भुकटी हवेच्या दाबाने उडवू नये. ती फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसावी.

पॅडची खरी परीक्षा दोनदा होते: शेवटच्या फेरीत तापल्यावर आणि घरी परतताना गार झाल्यावर.