जुन्या शाळेची वास्तू आणि रुग्णसेवा

अमरावतीच्या परकोटाच्या आत आणि अकोल्याच्या जुन्या शहरात अनेक पिढ्यांना अक्षरओळख करून देणाऱ्या शाळा होत्या. वस्ती बाहेरच्या नगरांकडे सरकली, की अशा शाळांचे वर्ग ओस पडू लागतात. मग "ही वास्तू रुग्णालयास का देऊ नये?" असा प्रश्न आमचे हितचिंतक आस्थेने विचारतात. त्याचे उत्तर शोधताना पुण्यातील दोन वास्तूंचा इतिहास उद्बोधक ठरतो.

विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी निवासासाठी बांधला. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये तेथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे डेक्कन कॉलेज म्हणून नावारूपास आलेल्या संस्थेचे मूळ तेच होय. १८७९ च्या आगीत वाड्याचा मोठा भाग जळाला. तो लोकवर्गणी व नगरपालिकेच्या साहाय्याने पुन्हा उभा राहिला. नंतर तेथे नगरपालिकेची कचेरी आली. उपयोग बदलत गेले, पण वाडा टिकला.

दुसरी वास्तू भिडेवाड्याची. महात्मा जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये तेथे मुलींची शाळा सुरू केली. पुढे वाड्यात दुकाने आली, मालकीचा वाद न्यायालयात वर्षानुवर्षे चालला आणि वाडा जीर्ण होत गेला. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी तो पाडावा लागला. तात्पर्य असे की, केवळ थोर स्मृतींनी वास्तू टिकत नाही. तिला सततचा उपयोग आणि जबाबदार पालक लागतो.

रुग्णसेवेच्या दृष्टीने जुन्या शाळेचे गुण पुष्कळ आहेत. उंच छत, समोरासमोरच्या खिडक्या व रुंद व्हरांडे यांमुळे हवा खेळती राहते. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात जाड भिंतीही उपकारक ठरतात. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत राज्यातील अनेक शाळा विलगीकरण केंद्रे झाल्या, हे आपण पाहिलेच आहे. परंतु कायमच्या रुग्णालयाची गरज निराळी असते. स्ट्रेचर वळेल एवढे दार, जिन्याऐवजी उतार, प्रत्येक कक्षाजवळ स्वच्छतागृह आणि यंत्रांचा भार पेलणारी जमीन हवी. चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा केल्यास ओल आत कोंडते, आणि ओलसर भिंत रुग्णास अपायकारक असते. म्हणून शस्त्रक्रियागृहापेक्षा बाह्यरुग्ण विभाग, भौतिकोपचार केंद्र किंवा खेड्यापाड्यांतून आलेल्या नातेवाइकांचे निवासस्थान, असा उपयोग अशा वास्तूस अधिक साजतो.

कागदपत्रांचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. शासनाने शिक्षणासाठी दिलेल्या जागेचा उपयोग बदलावयाचा तर शासनाची अनुमती लागते. सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकण्यास वा दान देण्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी आवश्यक असते. ती नसेल तर सद्‌भावनेने दिलेली वास्तूही वादात अडकू शकते.

म्हणून आमची नम्र विनंती आहे की, वास्तू देऊ इच्छिणाऱ्यांनी तिच्याबरोबर स्वच्छ कागदपत्रे आणि दरवर्षीच्या दुरुस्तीसाठी काही स्थायी निधीचाही विचार करावा. जेथे मुलांनी पाढे म्हटले, तेथे रात्री एखाद्या रुग्णाच्या आईस निर्धास्त टेकता आले, तर त्या शाळेचे कार्य पुढे चालू राहिले असेच आम्ही मानू.