ठणक्याच्या आधीचा पेशंट

एसटी स्टँडसमोरच्या माडीवर तीस वर्षांपूर्वी मी दवाखाना थाटला. पहिल्या वर्षभरात खुर्चीत बसलेला जवळजवळ प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलायचा, "डॉक्टर, काढूनच टाका." तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, लवंग धरून झालेली, गाल सुजलेला. कुणी तर किडलेल्या दाढेत तंबाखूची गोळी दाबूनच यायचा. मी दाढ काढायचो, बोळा धरायला सांगायचो, तो जिना उतरून जायचा आणि पुढची दाढ ठणकेपर्यंत पुन्हा दिसायचा नाही. सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही तालुक्याच्या गावात त्या काळी दंतवैद्याचा धंदा असाच चालायचा.

आज त्याच रस्त्यावर दातांचे सात दवाखाने आहेत. पाट्यांवर इम्प्लांट, लेसर, डिजिटल स्माइल, अलायनर असे शब्द झळकतात. नव्यानं दवाखाना टाकणारी मुलं-मुली भेटायला येतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात, "सर, आधी काय घेऊ? स्कॅनर की लेसर?" त्यांच्यासाठी, आणि त्या खुर्चीत आडवं होणाऱ्या तुम्हा-आम्हांसाठीही, हा आढावा.

आपल्याकडे हा व्यवसाय तसा तरुण आहे. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं ते १९२० मध्ये. मुंबईत नायरचं दंत महाविद्यालय १९३३ चं, नागपूरचं शासकीय १९६८ चं. दंतवैद्यांचा कायदा १९४८ मध्ये झाला. पुढे खासगी महाविद्यालयं निघाली आणि आता देशात सरकारी-खासगी मिळून दंत महाविद्यालयं ३०० हून अधिक आहेत. पुण्या-मुंबईत एका चौकात चार दवाखाने दिसतात, ते त्यामुळे. गर्दी वाढली की उठून दिसायची धडपड सुरू होते, आणि उठून दिसायचा सोपा मार्ग म्हणजे कर्ज काढून मशीन आणणं. दवाखाना मशीननं वाढतो, हे मी नाकारत नाही. माझाही वाढला. पण कोणत्या मशीननं वाढला, हे मोजून पाहिलं तर उत्तर अनपेक्षित येतं.

एअरोटर आणि भूल यांच्याबद्दल फार लिहायला नको. त्यांच्याशिवाय आजचा दवाखानाच नसता. १९५७ मध्ये बाजारात आलेल्या त्या हवेवर फिरणाऱ्या यंत्रानं दात कोरायचं काम मिनिटांवर आणलं, आणि १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेल्या लिग्नोकेननं ते सोसण्याजोगं केलं. माझ्या दवाखान्यातला खरा बदल मात्र एका छोट्या सेन्सरनं घडवला, ज्याला आम्ही आरव्हीजी म्हणतो. फ्रान्समध्ये फ्रान्सिस मूयाँ यांनी हे तंत्र १९८७ मध्ये बाजारात आणलं. आमच्यापर्यंत यायला बरीच वर्षं लागली.

त्याआधी आम्ही एक्स-रे 'धुवायचो'. इवलीशी फिल्म तोंडात धरायची, मग अंधाऱ्या खोक्यात हात घालून ती डेव्हलपरमध्ये बुडवायची, पाण्यात खळखळायची, फिक्सरमध्ये टाकायची आणि क्लिपला अडकवून वाळत घालायची. पावसाळ्यात वीज गेली की सगळंच खोळंबायचं. एवढं करून ती फिल्म उजेडाकडे धरून एकटा मीच बघायचो. पेशंटला तिच्यात करड्या डागापलीकडे काही दिसायचं नाही. त्यानं माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा किंवा सोडून द्यायचा. बहुतेक जण सोडून द्यायचे.

सेन्सर आला त्या आठवड्यात शेजारच्या वाडीतल्या एक मावशी आल्या. मिश्री लावून काळवंडलेले दात, खालची डावी दाढ हातात देऊन मोकळ्या व्हायच्या तयारीनं आलेल्या. मी एक्स-रे घेतला. दोन-चार सेकंदांत दाढ समोरच्या पडद्यावर तळहाताएवढी उमटली. मावशी उठून बसल्या, पदर सावरून पुढं वाकल्या. मी बोट ठेवून दाखवलं: ही मुळं, हे हाड, मुळाच्या टोकाशी ही काळी सावली म्हणजे पू. हाड चांगलं आहे, मुळं धडधाकट आहेत. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी ही मरायची न्हाई व्हय?" दाढ राहिली. आणि पंधरवड्यानं मावशी सुनेला घेऊन आल्या. सुनेचं काहीच दुखत नव्हतं. "हिची बी फिल्मवर दावा," म्हणाल्या.

दुखत नसताना आलेला तो माझ्या आठवणीतला पहिला पेशंट. प्रॅक्टिस वाढली असं मी तेव्हापासून मोजतो. सेन्सरची किंमत इम्प्लांटच्या मोटारीपेक्षा किंवा लेसरपेक्षा फार जास्त नाही, क्ष-किरणांची मात्रा फिल्मच्या मानानं कमी, आणि डॉक्टर-पेशंट दोघं एकाच चित्राकडे बघून बोलू लागतात. एक्स-रे मशीनची अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ती टाळणारे अजून आहेत, त्यांनी टाळू नये.

रूट कॅनालची कथा याच्याच हातात हात घालून जाते. दाढेच्या मुळातले कालवे केसाएवढे अरुंद आणि वाकडे. पूर्वी स्टीलच्या फाईल बोटांनी फिरवत पाच-पाच वेळा बोलवावं लागायचं. शेतीची कामं सोडून, एसटीचं भाडं खर्चून तिसऱ्या खेपेनंतर माणूस यायचाच बंद व्हायचा आणि अर्धवट राहिलेली दाढ शेवटी निघायचीच. १९८८ मध्ये निकेल-टायटॅनियमच्या लवचिक फाईलवरचं पहिलं संशोधन प्रसिद्ध झालं, पुढे त्या मोटारीवर चालू लागल्या. कालवा कुठं संपतो ते विजेच्या प्रवाहावरून सांगणारा अपेक्स लोकेटर जपानमध्ये सुनादा यांच्या १९६२ च्या कामातून आला. या दोन्हींमुळे आज बरीचशी कामं एक-दोन बैठकांत होतात. तालुक्याच्या गावात बैठका कमी होणं म्हणजे दाढ वाचणं, इतकं साधं गणित आहे.

एकदा माझ्या हातून अशीच एक फाईल कालव्यात तुटली. एका शाळामास्तरांची दाढ होती. दोन मिनिटं मी गप्प उभा राहिलो, मग पडद्यावर तो तुटका तुकडा त्यांना दाखवला, झालं ते सांगितलं, पैसे घेतले नाहीत आणि पुण्याला मायक्रोस्कोपवर काम करणाऱ्या एंडोडॉन्टिस्टकडे, म्हणजे रूट कॅनालच्या तज्ज्ञाकडे पाठवलं. तुकडा निघाला. मास्तर आजही माझ्याकडे येतात, त्यांची नातवंडंही. लपवलं असतं तर कदाचित कळलंही नसतं. पण त्या दाढेत पू झाला असता तेव्हा मी त्यांच्या नजरेला नजर देऊ शकलो नसतो.

आता त्या मशीनबद्दल, जे कुठल्याच पाटीवर नसतं. ऑटोक्लेव्ह. माझ्या सुरुवातीच्या काळात हत्यारं उकळणं किंवा रसायनात बुडवून ठेवणं यालाच पुष्कळ दवाखान्यांत निर्जंतुकीकरण म्हणत. हेपॅटायटिस बी आणि एचआयव्ही यांच्या भीतीनं ती सवय मोडली, आणि मोडायलाच हवी होती. १२१ अंश सेल्सियसला पंधरा-वीस मिनिटं, किंवा १३४ अंशाला तीन-चार मिनिटं, दाबाखालच्या वाफेत. हँडपीसच्या पोकळीतली हवा ओढून घेणारा व्हॅक्यूमचा, म्हणजे बी क्लासचा ऑटोक्लेव्ह महाग पडतो, तरी पहिल्या कर्जातून तोच घ्यावा असं मी प्रत्येक नव्या दंतवैद्याला सांगतो. हत्यारं पाकिटात बंद करून ठेवावीत, पाकिटावरच्या खुणेचा रंग बदललेला असावा आणि पाकीट पेशंटच्या डोळ्यांसमोर फाडावं. मी हे सुरू केलं तेव्हा कुणी काही बोललं नाही. पण सहा महिन्यांनी एक बाई गरोदर लेकीला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडं पाकीट फोडतात, म्हणून आणलं." इथं काटकसर करणाऱ्याला एवढंच सांगेन की दात कोरून पोट भरत नाही. तसंच कचऱ्याचं. २०१६ च्या नियमांप्रमाणे काढलेला दात पिवळ्या पिशवीत आणि सुई पांढऱ्या, टोचून भोक न पडणाऱ्या डब्यात जायला हवी. मागच्या गटारात दोन्ही जाता कामा नयेत.

इम्प्लांटचं आकर्षण सगळ्यात मोठं, आणि ते खोटं नाही. स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क १९५२ मध्ये सशाच्या हाडात टायटॅनियमचं उपकरण बसवून रक्तप्रवाह अभ्यासत होते. काढायला गेले तर ते हाडाशी एकजीव झालेलं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. आमच्याकडे हे तंत्र स्थिरावलं आणि 'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' या जुन्या तक्रारीला निदान अर्धं उत्तर मिळालं. सत्तरीतल्या एका पैलवानांना पूर्ण कवळीनं भाकरी चावता येत नव्हती, दुधात कुस्करून खायचे. खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी अडकवली. पुढच्या खेपेला ते भाजलेल्या शेंगा घेऊनच आले आणि माझ्यासमोर खाऊन दाखवल्या.

पण इम्प्लांटला हाड लागतं, आणि हाडाची जाडी साध्या एक्स-रेवर कळत नाही. इटलीत नव्वदीच्या दशकाच्या शेवटी तयार झालेला सीबीसीटी जबड्याचं तिन्ही मितींत चित्र देतो: खालची नस किती दूर, वरचा सायनस किती जवळ, हाड कुठं आत खचलंय. हे मशीन प्रत्येक दवाखान्यात असायची गरज नाही. जिल्ह्याच्या गावी इमेजिंग सेंटरला पेशंट पाठवावा. स्वतःचं मशीन घेतलं की त्याचा हप्ता दर महिन्याला डॉक्टरच्या कानात बोलू लागतो, आणि मग ज्याला स्कॅन लागत नाही त्यालाही स्कॅन लागतो. बेताबाहेरचा मधुमेह असलेल्याला, तंबाखू न सोडणाऱ्याला इम्प्लांट न टिकायचा धोका जास्त, हे सांगायचं धैर्य हवं. पुलाचं काम किंवा साधी काढघालीची कवळी हा कमीपणाचा उपाय नव्हे.

इंट्राओरल स्कॅनरबद्दल माझं मत हळूहळू बदललं. पूर्वी माप घ्यायचं म्हणजे ट्रेभर अल्जिनेट तोंडात, पेशंट उमासे देतोय, आपण 'नाकानं श्वास घ्या' म्हणतोय. मग प्लॅस्टरचे साचे बुटाच्या खोक्यात कापसात गुंडाळून एसटीच्या पार्सलनं कोल्हापूरच्या लॅबला. वाटेत साचा फुटला की पुन्हा सगळं. आता कांडी दातांवरून फिरवली की पडद्यावर जबडा तयार, फाईल त्याच क्षणी लॅबमध्ये, झिरकोनियाची कॅप मशीनवर कोरलेली. झुरिकमध्ये १९८५ मध्ये सेरेक या यंत्रानं पहिला पेशंट झाला तेव्हाची ही कल्पना आज इतकी हाताशी आली आहे. तरीही महिन्याला चार-सहा कॅप करणाऱ्यानं स्कॅनर घेऊ नये. चांगला सिलिकॉनचा साचा आणि चांगला टेक्निशियन यांनीही उत्तम कॅप बसते. लॅबच्या टेक्निशियनचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही, आणि निम्मं श्रेय त्याचं असतं.

अलायनर, म्हणजे दात सरळ करणारे पारदर्शक साचे, १९९७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या कंपनीमुळे जगभर गेले. लग्न ठरलेल्या मुली आणि आयटीतली मुलं तेच मागतात. रोज २२ तास घातले तर चालतात. जेवताना काढून विसरणाऱ्याचे चालत नाहीत. वेड्यावाकड्या, गुंतागुंतीच्या दातांना तारा अजूनही सरस आणि स्वस्त. एक्स-रे न काढता, हिरड्या न बघता घरपोच अलायनर घेणाऱ्यांना मात्र मी हात जोडून सांगतो, घेऊ नका. हाड झिजलेल्या दाताला ढकललं की तो हलायला लागतो.

लेसर हिरडीच्या छोट्या कामांना छान, रक्त कमी, पण त्याच्याशिवाय अडत नाही. एक्स-रेवरची कीड दाखवणारी एआयची सॉफ्टवेअर आता आली आहेत. दुसरी नजर म्हणून ठेवावीत, निदान आपणच करावं.

छोट्या दवाखान्याला खरं बळ देणारी सोय वेगळीच आहे, ती म्हणजे ठरावीक वारी येणारे तज्ज्ञ. माझ्याकडे बुधवारी ऑर्थोवाल्या मॅडम, दुसऱ्या शनिवारी सर्जन येतात. सगळं स्वतःच शिकून सगळी मशीनं स्वतःच घ्यायची हाव त्यामुळे सुटते, आणि पेशंटला शहर गाठावं लागत नाही. नेहमीच्या आरोग्य विम्यात दातांचे उपचार सहसा येत नाहीत, पैसे खिशातूनच जातात. म्हणून दोन-तीन पर्याय, त्यांचे दर आणि आयुष्य कागदावर लिहून द्यावेत आणि घरी जाऊन विचार करायला सांगावं. घाई करायला लावलेला पेशंट एकदाच येतो. जाहिरातीवर २०१४ च्या आचारसंहितेनं बंधनं घातली आहेत. रील काढणाऱ्यांनी ती एकदा वाचावीत.

शेवटी त्या पेशंटबद्दल, ज्याच्यापुढे यातलं एकही मशीन चालत नाही. विशी-पंचविशीतला मुलगा, गुटखा आणि मावा खाणारा. गालाचा आतला भाग पांढुरका, ताठ, दोरीसारखा. तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. एअरोटर आत जात नाही, सेन्सर जात नाही, स्कॅनरची कांडी जात नाही. भारतात डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, सबम्युकस फायब्रोसिस. सुपारी हे त्याचं मुख्य कारण, आणि त्यातल्या काहींना पुढे तोंडाचा कर्करोग होतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी असे पेशंट मला दर आठवड्याला दिसतात. वेळेवर सापडला तर सुपारी सोडून, औषधं आणि व्यायाम यांनी आजार रोखता येतो. सापडायला लागते ती एक साधी पट्टी. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ३५ ते ५० मिलिमीटर उघडतं. माझ्या दवाखान्यात प्रत्येक नव्या पेशंटचा हा आकडा केसपेपरवर पहिल्या ओळीत लिहिला जातो. नव्यानं दवाखाना टाकणाऱ्यांनी स्कॅनरआधी ही पट्टी घ्यावी.

आणि वाचकहो, पट्टी घरी नसेल तर आरशासमोर उभे राहा आणि आपलीच तीन बोटं उभी जुळवून तोंडात जातात का पाहा. घरातल्या तरुण मुलांनाही करायला लावा. जात नसतील, किंवा गालात, जिभेवर पंधरा दिवसांत न भरलेली जखम असेल, तर दुखायची वाट न बघता याच आठवड्यात जवळच्या दंतवैद्याला दाखवा.