मॅटाडोरचं पासिंग

पौडला आमच्या घरामागे एक आंब्याचं झाड आहे. त्या झाडाखाली सहा वर्षं एक मॅटाडोर पिकअप उभी होती. आबांची. १९८६ साली त्यांनी ती कर्ज काढून घेतली आणि पंचवीस-तीस वर्षं तिच्यातून आंबेमोहोराची पोती, पेंढा, भाजीच्या जाळ्या, प्रसंगी लग्नाचं वऱ्हाडसुद्धा वाहिलं. २०१८ मध्ये आबा गेले आणि गाडी जागेवरच राहिली. मुळशीचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. सहा पावसाळ्यांत हौद्याचा तळ चाळणीसारखा झाला आणि डाव्या बाजूच्या फळीतून चक्क तेरड्याचं रोप वर आलं.

भंगारवाला दोनदा येऊन भाव सांगून गेला होता. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, देऊन टाकू. पार्किंगला जागा होईल." त्याचं चुकीचं नव्हतं. आई काही बोलली नाही. फक्त भंगारवाल्याला तिने चहा विचारला नाही. आमच्या घरात याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

मी शाळामास्तर. मला गाडी चालवता येते, पण बॉनेटच्या आतलं काही कळत नव्हतं. पुढच्या वर्षभरात जे शिकलो ते सांगतो, कारण मुळशीत आणि आसपास अशा गाड्या कितीतरी गोठ्यामागे उभ्या आहेत.

आधी या गाडीचं कूळ. टेम्पो हा शब्द आपण मराठीत इतका मुरवला आहे की ते एका जर्मन कारखान्याचं नाव होतं हे विसरूनच गेलो. हॅम्बुर्गजवळचा विडाल अँड झोन यांचा तो कारखाना. त्यांच्याशी करार करून १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी निघाली. नवलमल फिरोदिया तिच्या उभारणीतलं प्रमुख नाव. आधी तीनचाकी हान्सियाट आली आणि १९६९ पासून मॅटाडोर. जर्मनीत तो मूळ कारखाना पुढे हानोमागकडे आणि तिथून डाइमलर-बेंझकडे गेला. आकुर्डीत मात्र मॅटाडोर विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली. २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं.

आमच्या गाडीत मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेलं ओएम ६१६ हे डिझेल इंजिन आहे. चार सिलिंडर, सुमारे २.४ लिटर. हेच इंजिन परदेशात मर्सिडीजच्या २४० डी मोटारीत होतं. पौडच्या चौकात हे सांगितलं की लोक हसतात, पण खरं आहे. दुरुस्तीच्या दृष्टीने हे आमचं नशीब ठरलं. याच घराण्यातलं इंजिन पुढे ट्रॅक्स आणि क्रूझरमध्येही आलं. त्यामुळे रिंगा, बेअरिंगं, गॅस्किटं पुण्यात नाना पेठेत मिळतात. दुकानदाराला "मॅटाडोर" म्हटलं तर तो डोकं खाजवतो. "ट्रॅक्स" म्हटलं की पुडकं काढून देतो.

दुर्दैवही याच गाडीत आहे. मॅटाडोर पुढच्या चाकांवर चालते. आपल्याकडचे बहुतेक टेम्पो, ट्रक, पिकअप मागच्या चाकांवर. म्हणून पुढच्या शाफ्टचे जॉइंट हिच्याशिवाय कुणाला लागत नाहीत आणि ते आता सहज मिळत नाहीत. जुनी गाडी घेणाऱ्याने नेहमी हाच प्रश्न आधी विचारावा: हिचा कोणता भाग फक्त हिच्यातच आहे?

आता इंजिन. पहिल्या गॅरेजवाल्याने (नाव सांगत नाही) बॅटरी लावली, दोन मिनिटं सेल्फ मारला आणि निकाल दिला, "मास्तर, फुल इंजिन काम. साठ हजार धरून चाला." मी धरून चाललोही असतो. पण पिरंगुटला एक म्हातारे मिस्त्री आहेत, आबांच्या वेळचे. त्यांना बोलावलं. त्यांनी टाकीचं झाकण काढून वास घेतला, रबरी नळ्या बोटाने दाबून पाहिल्या आणि विचारलं, "त्यानं एअर काढली होती का?"

हे जरा समजून घेण्यासारखं आहे. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते. डिझेलमध्ये ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की ते आपोआप पेटतं. ओएम ६१६ मध्ये हवा सुमारे एकविसाव्या हिश्श्याइतक्या जागेत दाबली जाते. या जातीच्या इंजिनात फवारा आधी हेडमधल्या एका छोट्या कोठडीत पडतो. थंड असताना ती कोठडी तापवायला हीटर प्लग असतात. म्हणून आबा सकाळी चावी अर्धी फिरवून थोडं थांबायचे. आम्हाला लहानपणी वाटायचं, ते देवाचं नाव घेतात.

म्हणजे गाडी चालू व्हायला तीन गोष्टी लागतात: दाब, उष्णता आणि योग्य वेळी डिझेल. पंपापासून नोझलपर्यंतच्या नळीत हवेचा बुडबुडा असेल तर पंप नुसती हवाच दाबत बसतो. डिझेल दबत नाही, हवा दबते, आणि मग नोझल उघडतच नाही. आमच्या गाडीच्या रबरी नळ्या वाळून चिरल्या होत्या. तिथून डिझेल बाहेर गळत नव्हतं, म्हणून कुणाला संशय आला नाही. पण ओढताना हवा आत शिरत होती.

मिस्त्रींनी टाकी उतरवली. तळाशी गाळ आणि पाणी होतं. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी उभी केली की आतल्या हवेतल्या ओलाव्याचं पाणी होतं. टाकी धुतली, नळ्या बदलल्या, दोन्ही फिल्टर नवे घातले. चारही नोझल काढून पंपवाल्याकडे नेले. पंपवाला म्हणजे डिझेल पंप आणि नोझल तपासणारा कारागीर. तो यंत्रावर लावून ठरलेल्या दाबाला फवारा धुक्यासारखा पडतो की धार लागते ते पाहतो. आमचे दोन धार लावत होते. मायकोचे नवे नोझल बसवले. मायको म्हणजेच आताची बॉश, आणि तिचा नोझलचा कारखाना आपल्या नाशिकचा. चारपैकी तीन हीटर प्लग मेलेले होते, तेही बदलले. मग पंपावरचा स्क्रू सैल करून हातपंपाने बुडबुडे संपेपर्यंत एअर काढली.

चौथ्या सेल्फला इंजिन लागलं. इतका पांढरा धूर झाला की शेजारच्या काकू बादली घेऊन धावत आल्या. पांढरा धूर गरम झाल्यावर जातो तो न जळलेल्या डिझेलचा; गेला नाही आणि रेडिएटरचं पाणी कमी होऊ लागलं तर हेड गॅस्किट. निळा म्हणजे तेल जळतंय, रिंगा पाहा. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि पुष्कळदा नुसता एअर फिल्टर तुंबलेला असतो. आमचा पांढरा पाच मिनिटांत गेला, थोडा निळा राहिला. मिस्त्री म्हणाले, "तेल थोडं खाईल. म्हातारं माणूस आहे, खाऊ दे." खर्च साठ हजारांच्या निम्म्याहूनही कमी झाला. पत्र्याचा आणि चेसिसचा खर्च मात्र त्याहून जास्त झाला.

मला वाटलं अवघड काम संपलं. ते तर पुढेच होतं.

गाडी आबांच्या नावावर. मालक वारला तर तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं आणि तीन महिन्यांत ३१ नंबरच्या फॉर्मवर वारसाने गाडी नावावर करून घ्यायची असा नियम आहे. आम्ही सहा वर्षं काहीच केलं नव्हतं. शिवाय गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली. मालवाहू गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट संपलं की कायद्याच्या दृष्टीने तिची नोंदणीच वैध राहत नाही. कर थकलेला, त्यावर व्याज. गाडी वापरात नसल्याचं आधी लेखी कळवलं असतं तर कर वाचला असता. ज्यांची गाडी आज झाडाखाली उभी आहे त्यांनी निदान एवढा अर्ज उद्याच द्यावा.

खिडकीवरच्या बाईंनी नंबर संगणकात घातला आणि म्हणाल्या, "काका, ही गाडीच नाहीये." एमएच १२ वगैरे नंबर १९८९ पासूनचे. आमचा त्याआधीचा, तीन अक्षरी. पुस्तक हाताने लिहिलेलं. ते सरकारच्या वाहन प्रणालीत कधी चढलंच नव्हतं. त्याला बॅकलॉग नोंद म्हणतात: जुनं रजिस्टर काढून मूळ नोंदीशी पडताळायचं आणि मग संगणकात भरायचं. त्यात दोन खोडे निघाले.

पहिला, कर्जाचा. पुस्तकावर एका पतसंस्थेचा बोजा होता. कर्ज आबांनी १९९१ मध्ये फेडलं, पण बोजा उतरवलाच नाही. त्यासाठी ३५ नंबरच्या फॉर्मवर संस्थेची सही लागते, आणि ती संस्था कधीच अवसायनात गेलेली. कर्ज देणाराच उरला नाही तर कर्ज फिटल्याचं सांगणार कोण? तालुक्याच्या सहकार खात्याच्या कार्यालयातून अवसायकांचं नाव मिळालं. तिथे चार फेऱ्या झाल्या. शेवटी आईने ट्रंकेतून एक पिशवी काढली. आबांनी शेवटच्या हप्त्याची पावती आणि कर्ज निरंक झाल्याचा दाखला बत्तीस वर्षं जपून ठेवला होता. मधल्या काळात ती पिशवी आईने कुणाला दाखवली नव्हती, कारण कुणी विचारलं नव्हतं.

दुसरा खोडा जास्त भीतीचा. चेसिस नंबर. निरीक्षक चेसिसवर कोरलेला नंबर पुस्तकाशी ताडून पाहतात. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून ट्रेस काढावा लागतो. गंजाने शेवटचा आकडा ३ आहे की ८ हे कळेना, आणि पुस्तकातला हस्ताक्षरातला आकडाही तसाच संशयास्पद. एका एजंटाने सुचवलं, "पंच मारून घेऊ की, पाच मिनिटांचं काम." हे कधीही करू नका. स्वतः नंबर कोरला की तुमची स्वच्छ गाडी चोरीच्या गाडीसारखी दिसते. नंबर पुन्हा कोरायचा झाला तर तो नोंदणी अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीनेच. आम्ही रॉकेलचा बोळा आणि बारीक पॉलिश पेपर घेऊन दोन दिवस घासलं, तिरका बॅटरीचा उजेड पाडून फोटो काढले आणि जोडीला १९८८ ते १९९५ च्या विमा पॉलिस्या दिल्या. त्या टाइप केलेल्या होत्या. आकडा ३ निघाला. निरीक्षकांनी भिंगातून पाहिलं आणि मान हलवली. तेवढा वेळ मला शाळेच्या निकालाच्या दिवशीसुद्धा कधी घाम फुटला नसेल.

पुढचं त्या मानाने सरळ. विमा. पीयूसीत जुन्या डिझेलला धुराची मर्यादा ६५ एकक, आमची त्याच्या आत बसली. ब्रेक, दिवे, वायपर, रिफ्लेक्टर पट्ट्या, नवी सुरक्षा नंबरप्लेट. तपासणीला गाडी दुसऱ्या गाडीवर चढवून नेली, कारण फिटनेस नसताना रस्त्यावर आणणं हाच गुन्हा.

लोक मला दोन गोष्टी विचारतात. एक, दिल्लीसारखी जुन्या डिझेलवर बंदी इथे आहे का? हरित लवादाचा २०१५ चा तो आदेश दिल्ली आणि परिसरापुरता होता. इथे गाडी तपासणीत पास व्हावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. मात्र जुन्या गाड्यांची फी वाढते आहे. वीस वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या नूतनीकरणाला २०२५ च्या ऑगस्टमध्ये दहा हजार झाले.

दुसरं, भाचे-पुतणे परदेशातून विचारतात, "मामा, इथली जुनी डिझेल पिकअप पाठवू का?" पाठवू नकोस म्हणून सांगतो. वापरलेली गाडी आयात करायला ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे लागतं आणि ती मुंबई बंदरातूनच आणावी लागते. पन्नास वर्षांवरच्या गाडीला सवलत आहे. २०२१ च्या नियमांनी तिला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, फी वीस हजार, नंबरात व्हीए ही अक्षरं, मुदत दहा वर्षं. पण ती प्रदर्शनाला, रॅलीला, फार तर डिझेल भरायला आणि दुरुस्तीला न्यायची. पोती वाहायची नाहीत. म्हणजे पिकअपचं पिकअपपण काढून घ्यायचं. आमची मॅटाडोर २०३६ मध्ये पन्नाशीची होईल. तेव्हाही मी तो अर्ज करणार नाही.

गेल्या भाताच्या हंगामात ती मार्केट यार्डला जाऊन आली. भूगावच्या चढाला दुसरा गिअर लागला आणि मागे गाड्यांची रांग लागली. आई पुढच्या सीटवर होती. इंजिनाचं झाकण दोन सीटांच्या मधे असल्याने पाय भाजतात, म्हणून तिने त्यावर गोधडी टाकली होती. तीच जुनी गोधडी. उजवीकडे वळताना पुढचा डावा जॉइंट कटकट वाजतो. मिस्त्रींनी तीन जुन्या बाजारांत निरोप ठेवले आहेत.