काठावरचं नाव

गेल्या आठवड्यात आपण पुतळ्यांच्या माळेपाशी थांबलो होतो. आज नाव कोरलेल्या नाण्याकडे वळू.

इंग्लंडात ही रीत जुनी. नाण्याची एक बाजू घासून गुळगुळीत करायची, तिच्यावर नावाची आद्याक्षरं कोरायची आणि दूर जाताना ते प्रेयसीच्या हाती ठेवायचं. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या गोऱ्या शिपायांनी याच हौसेपोटी नाण्यांच्या अंगठ्या आणि ब्रेसलेटं केली.

त्याच युद्धात साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या एका गावचे ४६ जण कामी आले. मग आपल्याकडे अशी नाणी का नाहीत? रुपया दुर्मीळ नव्हता. शिपायाला १९१४ साली महिना ११ रुपये मिळत. पंचम जॉर्जचा रुपया नेमका तोळाभर वजनाचा, म्हणून तर सोनाराकडे ‘रुपयाभार’ हे मापच झालं. त्याला डाख देऊन कडी लावली, दोऱ्यात ओवला, की गळ्यातला दागिना तयार. पण तो घासायचा? चांदीची घट कोण सोसणार! आणि नाव कुणाचं घालायचं? इथे प्रेयसी नव्हती, कारभारीण होती, आणि ती धन्याचं नाव उखाण्यातच घ्यायची. नाव घालायचं ते भांड्यांवर. तेही शेजारी गेलेला तांब्या ओळखून परत मागता यावा म्हणून.

तरी नाव कोरलेली चांदीची चकती या गावांत आलीच. ती सरकारने धाडली. ‘ब्रिटिश वॉर मेडल’ म्हणजे ३६ मिलिमीटरचं पदक, रुपयाहून थोडं मोठं, एका अंगाला तोच राजा. रुपयाच्या काठावर जिथे दातरे असतात तिथे याच्यावर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक रोमन अक्षरांत ठोकलेली. जो परतला नाही त्याच्या घरच्यांसाठी ब्रॉन्झची १२० मिलिमीटरची थाळी असे. तिच्यावर नाव उठावात, हुद्दा मुद्दामच नाही. मरणात सगळे सारखे, हा त्यामागचा विचार. इंग्लंडातल्या लोकांनी तिला ‘मेलेल्याची पेनी’ म्हटलं. नाव कडू आहे, पण मला ते सरकारी नावापेक्षा खरं वाटतं.

आपल्या माउलीचं दुखणं वेगळं. जे नाव ती तोंडाने घेत नव्हती, ते आता तिच्या हातात होतं, आणि लिपी अशी की बहुतेकींना ते वाचताही येईना. वजन मात्र हाताला कळत होतं. पदकाची चांदी अडीच तोळ्यांच्या आसपास. अडीनडीला सोनार वजन बघतो, काठ नाही.

हे इथलंच दुखणं नव्हे. १९८० च्या जानेवारीत चांदीचा भाव कडाडला तेव्हा इंग्लंडातही ही पदकं मुशीत गेली. मुशीचा विषय निघाला की सांगलीकरांना लांब जावं लागत नाही. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं देशभर सोन्याचांदीच्या गलाईवर बसली आहेत. पुढच्या आठवड्यात त्यांच्या भट्टीपाशी.